सहावा बाण नेहमी बाहेरच का जातो? वापरलेला बाण पुन्हा लावण्याआधीची तपासणी

टार्गेटवर पाच बाण मधल्या पिवळ्यात आणि सहावा बाहेरच्या निळ्यात, घड्याळाच्या चारवर. पुढच्या एंडला, म्हणजे सहा बाणांच्या पुढच्या फेरीला, पुन्हा तेच. मुलगी म्हणते, "आई, माझं रिलीज बिघडलंय." (रिलीज म्हणजे दोरी सोडणं.) सर म्हणतात, कोपर खाली पडतंय. बाबा म्हणतात, साइट (नेम धरायची खूण) दोन क्लिक हलवून बघ. तो बाण हातात घेऊन नीट बघायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

आमच्याकडे हे तीन आठवडे चाललं होतं. शेवटी निघालं काय, तर त्या बाणाच्या नॉकचा, म्हणजे धनुष्याच्या दोरीत (स्ट्रिंगमध्ये) अडकणाऱ्या मागच्या खाचेचा, एक कान मुळाशी तडकलेला. नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, आणि त्यापायी पोरीने आरशासमोर उभं राहून तीन आठवडे कोपर सरळ केलं.

मी कोथरूडला राहते. मुलीला सरावाला सोडायला जाते त्याला आता सात वर्षं झाली. पहिलं वर्ष गाडीत बसून पेपर वाचण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी गवतात हरवलेले बाण शोधून द्यायला लागले. आता ग्राउंडवरचे सगळे आजारी बाण "काकू, हा बघा ना" म्हणत माझ्याकडेच येतात. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात) विश्वविजेते झाले, त्यानंतर आमच्याकडे नवी मुलं बरीच आली, आणि त्यांच्याबरोबर कुणाकुणाचे जुने, अर्धवट, खिचडी झालेले बाणही आले. म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवते.

लक्षणं

– एकच बाण दर वेळी एकाच बाजूला आणि साधारण तेवढाच बाहेर जातो.
– जाताना शेपूट हलवतो. मागे उभं राहून बघितलं की स्पष्ट दिसतं.
– बट्रेसमध्ये (टार्गेटमागच्या फोमच्या जाड ठोकळ्यात) बाकीचे एका दिशेत घुसलेत, हा एकटा तिरका.
– सुटताना आवाज वेगळा येतो. कोरडा, फुटक्या बांबूसारखा.
– ओढला की शाफ्ट (बाणाची दांडी) हातात आणि पॉइंट (पुढचं टोक) आत.
– स्ट्रिंगवर लावताना नॉकचा "टक्" येत नाही, किंवा अंगठ्याने रेटावं लागतं.
– पिसाच्या कडेवर घासल्याची रेघ दिसते.

यात पहिलं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. नेम चुकला तर बाण कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे जातो. बाणातच दोष असेल तर तो ठरलेल्या जागीच जातो. आणि सगळेच बाण अचानक एका बाजूला जायला लागले असतील, तर दोष बाणात नाही, धनुष्यात आहे किंवा कुणीतरी साइट हलवलीय. तेव्हा खालचं काहीही करत बसू नका.

एकही बाण सोडण्याआधी

हे फुकट आहे, एका बाणाला अर्धा मिनिट लागतो, आणि इथे टाळाटाळ चालत नाही. बाकीच्या तपासण्या गुणांसाठी आहेत, ही हातासाठी आहे.

आधी बाण ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. चिखलाखाली चीर दिसत नाही. मग कापसाचा बोळा घेऊन पॉइंटपासून नॉकपर्यंत शाफ्टवरून फिरवा, आणि परत उलट्या दिशेने. कुठे एक जरी तंतू अडकला तरी तिथे कार्बनचा धागा उभा राहिलाय असं समजा. बोटाने चाचपायचा मोह आवरा, कारण कार्बनची कूस काट्यापेक्षा वाईट. ती दिसत नाही आणि मोडून आतच राहते.

त्यानंतर वाकवून ऐकायचं. दोन्ही टोकांजवळ धरा, चेहऱ्यापासून लांब, समोर कुणी नाही हे बघून, आणि मधोमध दीड-दोन इंच बाक येईल इतकाच हलका वाकवा. थोडा फिरवा, पुन्हा वाकवा. असं करत पूर्ण गोल या. कान उघडे ठेवा. बारीकसा "चर्र" किंवा "टिक्" आला, किंवा एका बाजूला बाण इतर बाजूंपेक्षा नरम लागला, की तो बाण संपला. शेवटी दोन्ही टोकं धरून टॉवेल पिळल्यासारखा दोन्ही दिशांना हलका पीळ द्या. चांगला शाफ्ट पिळाला दाद देत नाही.

एवढी कटकट का, ते सांगते. स्ट्रिंग सुटते त्या क्षणी सगळा जोर बाणाच्या मागच्या टोकावर येतो, पुढचं टोक अजून जागचं हललेलं नसतं. त्यामुळे शाफ्ट आधी वाकतो आणि मग पुढे जातो. चीर असेल तर ती याच वेळी उघडते, आणि तेव्हा बाण नेमका धनुष्य धरलेल्या हाताच्या वरून जात असतो. आमच्याकडे एका मुलाचा बाण बट्रेस चुकून मागच्या मुरमाच्या बांधावर आदळला. वरून काही दिसत नव्हतं. त्याने तो पुसला आणि पुढच्या एंडला लावला. रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या) जरा पुढे बाणाचे दोन तुकडे झाले. हात वाचला तो निव्वळ नशिबाने. त्या दिवसापासून आमचा नियम आहे की दगडाला, बांधाला, बट्रेसच्या लाकडी चौकटीला किंवा दुसऱ्या बाणाला लागलेला बाण वाकवून ऐकल्याशिवाय भात्यात परत जात नाही. आपल्याकडे मातीखाली काळा कातळ कुठे वर येईल सांगता येत नाही, त्यामुळे हा नियम पुण्यात जरा जास्तच लागू होतो.

अॅल्युमिनियमच्या बाणाची गोष्ट वेगळी. तो तडकण्याआधी वाकतो किंवा त्याला पोचा पडतो, आणि ते डोळ्यांना दिसतं. कार्बन तसा नाही. तो एक तर सरळ असतो नाही तर तुटलेला, मधली अवस्था नाही. अपवाद अॅल्युमिनियमच्या गाभ्यावर कार्बन चढवलेल्या महागड्या बाणांचा. त्यांचा गाभा आत वाकू शकतो आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. ते पुढच्या फिरकीच्या तपासणीत पकडले जातात.

नंबर घाला

आता खरी चौकशी. प्रत्येक बाणावर नंबर घाला. मी पांढऱ्या नेलपॉलिशने पिसांच्या वर घालते, मार्कर दोन आठवड्यांत पुसला जातो. स्पर्धेत तसंही शाफ्टवर नाव किंवा आद्याक्षरं असावीच लागतात, म्हणजे एका कामात दोन कामं.

मग वहीत पाच-सहा एंड टिपून ठेवा. गुण लिहू नका. एक गोल काढा आणि त्यात कुठला नंबर कुठे लागला एवढंच मांडा. एका एंडवरून काही ठरवायचं नाही. सहापैकी चार-पाच वेळा तोच नंबर त्याच बाजूला गेला तर चोर सापडला. मुलांना हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून आईबाबांनी करावं, तेवढाच मोबाइल खाली राहतो.

मारताना क्रम बदलत राहा. आमच्याकडे एक मुलगा नेहमी सहा नंबरचा बाण शेवटी मारायचा, आणि शेवटच्या बाणाला दमलेला असायचा. बाणाची काहीच चूक नव्हती.

नॉक

दहापैकी सहा-सात वेळा माझं काम इथेच संपतं. हा माझ्या वहीतला अंदाज आहे, शास्त्र नव्हे. नॉक हा बाणाचा सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात जास्त मार खाणाराही तोच. मागून येणारा दुसरा बाण त्याच्यावरच आदळतो.

दोन्ही कान चिमटीत धरून हलकं दाबा आणि बाजूला ताणा. पांढरट रेघ उमटली किंवा एक कान जास्त लवला तर नॉक काढून टाका. भिंगाची गरज नाही, खिडकीशी उजेडात धरलं की पुरतं. दुसऱ्या बाणाने घासून गेलेला नॉक चांगला दिसला तरी मी बदलतेच. एवढ्याशा तुकड्यासाठी तर्क कशाला लढवायचे?

काही दिसलं नाही, तर नॉक न बदलता थोडा फिरवून पुन्हा तेच पाच एंड मारा. तीन पिसांच्या बाणात एक पीस वेगळ्या रंगाचं असतं. साध्या रिकर्व्हला (चाकं नसलेल्या धनुष्याला) ते धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला येतं. नॉक फिरला की पीस रेस्टला नाहीतर प्लंजरला (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या बटणाला) शिवतं. ग्रुपमधल्या (एकत्र लागणाऱ्या) चांगल्या बाणाच्या शेजारी धरून दोन्हींचे नॉक एकाच कोनात आहेत का ते बघा. शाफ्टच्या टोकाच्या बारीक पिनवर बसवलेले नॉक ओढताना सहज फिरतात. बट्रेसमधून बाण नॉक धरून ओढायची सवय असेल तर रोजच फिरतात.

नंतर घट्टपणा. धनुष्य आडवं धरा, स्ट्रिंग वरच्या बाजूला, आणि बाण स्ट्रिंगला उलटा लटकवा. तो लटकून राहिला पाहिजे, आणि स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारली की सुटून पडला पाहिजे. टिचकीने पडत नसेल तर नॉक घट्ट आहे, बाण सुटताना अडखळणार. आपोआपच पडत असेल तर जास्त वाईट. ताणलेल्या अवस्थेत नॉक निसटला तर बाणाशिवाय स्ट्रिंग सुटते, म्हणजे ड्राय फायर, आणि त्यात लिम (धनुष्याचे लवणारे दोन हात) फुटू शकतात. सगळेच नॉक सैल लागत असतील तर नॉक बदलत बसू नका, स्ट्रिंगच्या मधल्या भागावरची सर्व्हिंग, म्हणजे वर गुंडाळलेला दोरा, झिजलीय. ती पुन्हा गुंडाळून घ्या.

नॉक काढल्यावर शाफ्टचं उघडं टोक नक्की बघा. उभी बारीक चीर तिथूनच सुरू होते आणि नॉकच्या गळ्याखाली लपते. पिनवाला बाण असेल तर पिन वाकलीय का तेही बघा. वाकलेल्या पिनवर कितीही नवे नॉक बसवा, बाण चारवरच जाणार.

पिसं

पीस म्हणजे प्लास्टिकची व्हेन, पण आमच्याकडे सगळे पिसंच म्हणतात. एक कोपरा सुटलेला असेल तर बाण हमखास भरकटतो. नुसती सुरकुती असेल तर जाडसर व्हेन केसांच्या ड्रायरने लांबून गरम करा, बऱ्याचदा सरळ होते. फार जवळ नेलात तर गोंदही सुटेल. बाणांची पेटी एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवणाऱ्यांची पिसं अशीच वाकडी होतात, आणि पॉइंटचा गोंदही मऊ पडतो. गाडी सावलीत लावली होती, हे कारण सूर्याला सांगा.

पीस कुठे घासतंय का, हे बघायला माझ्याकडे लिपस्टिक आहे. तिन्ही पिसांच्या कडांना हलकी लावायची, एक बाण मारायचा, मग रेस्ट, प्लंजर आणि रायझर (धनुष्याचा मधला मुठीचा भाग) बघायचं. जिथे रंग तिथे घासण. टाल्कम पावडरनेही दिसतं, पण पावडर पुण्याच्या वाऱ्यात बाणाआधी उडून जाते.

नवं पीस लावायचं असेल तर जुना गोंद बोथट सुरीने शाफ्ट न खरवडता काढा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नेलपॉलिश रिमूव्हरने नको. त्यात बहुधा तेलकट काहीतरी मिसळलेलं असतं, आणि वर पीस चिकटत नाही. पीस जिगमध्येच (पीस सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यातच) लावा. फेव्हिक्विकसारख्या गोंदाची केसाएवढी बारीक रेघ पुरते, आणि पुढच्या-मागच्या टोकाला एकेक थेंब. जिग नसेल तर ग्राउंडवर कुणाचं तरी मागून घ्या. डोळ्याच्या अंदाजाने लावलेलं पीस मी आजवर एकही सरळ बघितलेलं नाही, माझंसुद्धा. टेपने चिकटवायची नाजूक वळलेली पिसं पावसाळ्यात जास्त सुटतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या दोन्ही टोकांची टेप रोज बघावी लागते.

फिरकी आणि पॉइंट

बाणाचं टोक तळहातावर किंवा काचेवर टेकवून भोवऱ्यासारखा फिरवा. किंवा दोन्ही हातांच्या नखांच्या खाचेवर आडवा ठेवून फुंकरीने फिरवा. चांगला बाण शांत फिरतो, वाकडा थरथरतो आणि ती थरथर नखांना कळते. मग शोधायचं की वाकडं काय आहे. नॉक बदलून थरथर गेली तर नॉक, नाही तर पॉइंट, आणि तोही नाही तर शाफ्ट.

पॉइंट सैल होण्याचं आमचं मुख्य कारण म्हणजे बाण चुकीचा ओढणं. फोमचा बट्रेस घासणीने तापतो, बाण आत चिकटतो, आणि मुलं तो वरखाली हलवून काढतात. एक हात टार्गेट फेसवर सपाट ठेवा, दुसऱ्याने बाण फेसच्या अगदी जवळ धरा आणि सरळ रेषेत ओढा. हात घसरत असेल तर रबरी पकड मिळते, जुन्या सायकल ट्यूबचा तुकडाही चालतो. मागे कुणी उभं नाही ना, हे आधी बघा. नॉक थेट डोळ्याच्या उंचीवर येतो. पॉइंटला साबणाची कोरडी वडी घासली की बाण सहज निघतो.

सैल पॉइंट परत बसवताना तो हॉट मेल्टने (तापवला की वितळणाऱ्या गोंदाने) चिकटवलाय की इपॉक्सीने, हे आधी माहीत हवं. हॉट मेल्ट असेल तर पातेल्यात पाणी उकळा, फक्त पॉइंटची बाजू थोडा वेळ बुडवा आणि पकडीने धरून फिरवत ओढा. गॅसच्या ज्योतीवर काही लोक करतात, पण तापवायचं तर फक्त धातूचं टोक, तेही थोडं थोडं. पॉइंटशेजारच्या शाफ्टवर बोट ठेवता येत नसेल इतका तो तापला तर तुम्ही कार्बनला धरून ठेवणारं रेझिनच शिजवलंय. तो बाण वरून छान दिसेल आणि नंतर कधीतरी पुढून फुटेल. पॉइंटची दांडी साफ करा, वितळलेला हॉट मेल्ट लावा, गोल फिरवत आत दाबा, बाहेर आलेला गोंद पुसा. बाण पूर्ण गार झाल्यावर पुन्हा फिरकी.

आट्याचा पॉइंट असेल तर तो प्रत्येक एंडनंतर बोटांनी आवळा. फोममधून निघताना तो हळूहळू उलगडतो, आणि अर्धा आटा सैल झाला तरी बाण फिरकीत थरथरतो.

मग वजन

इथवर काही सापडलं नाही तर वजन करा. सोनाराच्या कामाचा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा तपकीर गल्लीत किंवा रविवार पेठेत मिळतो. बाणाचं वजन ग्रेनमध्ये सांगतात; 1 ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रेनचा पॉइंट साधारण साडेसहा ग्रॅमचा. एका सेटमधल्या बाणांत 0.2 ग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला की मी तो बाण बाजूला काढते. काटेकोर लोक याहून कडक असतात.

जड का झाला, याची उत्तरं गमतीदार असतात. पीस तीनदा लावून गोंदाचा थर साचलेला असतो. शाफ्टच्या पोकळीत फोमचे तुकडे शिरलेले असतात. गेल्या पावसाळ्यात एक बाण शोधायला आम्हाला चार दिवस लागले, मिळाला तेव्हा नॉक गेलेला आणि आत चिखलाचं पाणी. काढून वाळवल्यावर तो पुन्हा ग्रुपमध्ये आला. गवतात आडवा घुसलेला बाण दिसत नाही. तो शोधायला बूट काढून तळव्याने चाचपू नका. काठी किंवा मेटल डिटेक्टर वापरा. कार्बनला डिटेक्टर ओळखत नाही, पण पॉइंट धातूचा असतो.

बाण चांगला, पण या सेटचा नाही

हे शेवटी ठेवलं कारण यावर उपाय पैशांचाच आहे. दोन बाण हरवले, म्हणून दुकानातून किंवा जुन्या बाजारातून "तसलेच" दोन आणले. रंग तोच, कंपनी तीच, पण स्पाइन, म्हणजे शाफ्टचा कडकपणा, वेगळा. शाफ्टवर 500, 600, 700 असा आकडा असतो. 28 इंचांवरच्या दोन आधारांवर ठेवून मध्ये 880 ग्रॅमचं वजन टांगलं की 500 चा शाफ्ट अर्धा इंच, म्हणजे 0.500 इंच लवतो. आकडा मोठा म्हणजे बाण नरम. आई-वडील इथे हमखास गोंधळतात, त्यांना 700 म्हणजे जास्त दणकट वाटतो.

अॅल्युमिनियमच्या बाणावरचा आकडा याच्याशी जोडू नका. तिथे 1816 म्हणजे 18/64 इंच जाडी आणि 0.016 इंच भिंत, वेगळाच हिशोब.

स्पाइन तोच असूनही लांबी कमी-जास्त असेल, तर छोटा बाण कडक वागतो आणि लांब नरम. पॉइंटचं वजन वाढवलं तरी बाण नरम वागतो. म्हणून नवा बाण जुन्याशेजारी ठेवून लांबी, पॉइंट, नॉक, पिसं सगळं ताडून घ्या. जुळत नसेल तर तो वेगळ्या रंगाच्या नॉकचा करून सरावाच्या पेटीत ठेवा. स्पर्धेत एका एंडमध्ये मिश्र बाण चालतही नाहीत.

कार्बन घरी कापू नका. त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये आणि हॅकसॉने टोक फाटतं. ज्यांच्याकडे बाण कापायचं यंत्र आणि धूळ ओढायची सोय आहे त्यांच्याकडून कापून घ्या.

ब्रॉडहेडचं काय?

हा प्रश्न वारंवार येतो, कारण मुलं परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघतात. ब्रॉडहेड म्हणजे पात्यांचं टोक. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे इथे त्याचं काहीच काम नाही. अमेरिकेसारख्या देशांत जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे, तिथले शिकारीही प्राण्यातून आरपार गेलेला बाण तसाच परत लावत नाहीत. तो साबणाच्या पाण्याने धुतात, वर सांगितल्यासारखाच वाकवून ऐकतात, फिरकी देतात. पाती बदलतात किंवा धार लावतात, आणि ब्रॉडहेडचा गाभा वाकला असेल तर ते टोक फेकून देतात. हाडाला किंवा दगडाला लागलेला शाफ्ट बहुतेक जण बादच करतात. सांगायचं काय, तर तपासणी तीच.

मुद्दाम सांगते कारण त्यांचे आटे बहुधा आपल्या आट्याच्या पॉइंटसारखेच असतात आणि ते सहज बसतात. कुणीतरी ऑनलाइन मागवून बसवलं तर ते ग्राउंडवर आणू नका. पाती फोम चिरतात, बाण निघता निघत नाही, आणि ओढणाऱ्याचा हात कापतो.

इथे थांबा

कार्बनला चीर असेल तर दुरुस्ती नाही. फेव्हिक्विक नाही, टेप नाही, "फक्त जवळून मारायला" नाही. मला हे दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि दर वेळी समोरचा बाण किती महाग होता ते सांगतो.

कार्बनचा तुकडा हातात घुसला तर चिमट्याने खेचू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि सरळ सर्जनकडे जा. तो कार्बन आहे हे स्वतःहून सांगा, कारण कार्बनचे तंतू एक्स-रेमध्ये नीट दिसत नाहीत आणि "काही नाही" म्हणून घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते.

ड्राय फायर झालं, किंवा बाण सुटतानाच फुटला, तर धनुष्य पुन्हा ताणून बघू नका. "चालतंय का बघू" हीच चूक असते. लिम, स्ट्रिंग आणि कंपाउंड असेल तर कॅम (टोकांची चाकं) जाणकाराला दाखवा. कंपाउंडची स्ट्रिंग बदलायला बो प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो. तो नसताना घरी स्क्रू सोडून काही करायला गेलात तर साठवलेला सगळा ताण एकदम सुटतो.

अॅल्युमिनियमचा बाण हलका वाकला असेल तर डायलवाल्या यंत्रावर सरळ करून मिळतो. पोचा पडला असेल किंवा वाकलेल्या जागी कोन आला असेल तर सोडून द्या. गुडघ्यावर सरळ केलेला बाण मी ओळखते, कबूल करा अथवा नका करू.

इपॉक्सीने बसवलेले पॉइंट आणि गाभ्यावर कार्बन चढवलेले बाण स्वतः उघडू नका, दुकानात द्या. तिथले लोक रोज तेच करतात.

आणि हे सगळं करून नंबर घातलेले बाण वारंवार वेगवेगळ्या जागी जायला लागले, किंवा सगळा ग्रुपच एकीकडे सरकला, तर बाणांची पेटी बंद करून प्रशिक्षकाला धनुष्य दाखवा. पिसं नसलेला एक बाण बाकीच्यांबरोबर मारून ते पाच मिनिटांत सांगतात की नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर नॉक लावायची जागा) वर-खाली झालाय की प्लंजर कडक झालाय. मी ते करत नाही. मला त्यातलं बघून कळतं, पण हात लावायचा अधिकार सरांचा.

बाद झालेल्या बाणांचं एक राहिलं. कुंडीतल्या टोमॅटोला टेकू म्हणून ते वापरलेले मी दोन घरांत पाहिले. फुटक्या कार्बनचं टोक पाण्याने आणि उन्हाने उसवत जातं, आणि माळ्याच्या नाहीतर नातवाच्या हातात शिरतं. आमच्याकडे बाद बाणाचे पॉइंट आणि नॉक काढून घेतो. शाफ्ट फडक्यात गुंडाळून मधोमध मोडतो, म्हणजे कुणी उचलून परत लावणार नाही. टोकांना जाड चिकटपट्टीचे चार वेढे देतो, सगळे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतो आणि वर मोठ्या अक्षरांत "टोचेल" लिहितो. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना ते खोकं वेगळं हातात देते. पहिल्यांदा दिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, एवढे बाण? घरात रामायण चालू आहे का?"